डिझेल माझं, पेट्रोल तुझं

मिस्त्री तरुणपणी फार कमी बोलायचा. गिऱ्हाईक विचारायचं, "काय झालंय हो इंजिनाला?" मिस्त्री म्हणायचा, "संध्याकाळी न्या." एवढंच. संध्याकाळी गाडी तयार असायची आणि नीट चालायची, त्यामुळे कुणाची तक्रार नव्हती. उलट लोकांना वाटायचं, माणूस बोलत नाही म्हणजे कामाचा असणार.

पण तो काही जन्माचा मुका नव्हता. ज्या उस्तादाकडे तो डिझेलचं काम शिकला, त्या उस्तादाने त्याला शिकवलं असं काहीच नाही. दिवा धर, पाना दे, हे पूस, ते उचल. आणि इंजिनाला डिझेल पुरवणारा पंप बसवायची वेळ आली की उस्ताद म्हणायचा, "जा रे, चहा सांगून ये." मिस्त्री पळत जायचा, पळत यायचा, पण तोवर पंप जागेवर बसून वरचे नटही आवळलेले असायचे. पंपाचं टायमिंग जुळवायला तो शिकला ते पुष्कळ उशिरा, दुसऱ्यांच्या गाड्या बिघडवून आणि शिव्या खाऊन. तेव्हापासून एक वाक्य त्याच्या तोंडात बसलं होतं. "मला कुणी शिकवलं? जे आहे ते डोळ्यांनी चोरलेलं आहे." हे तो अभिमानाने सांगायचा. उस्तादाने आपल्यावर अन्याय केला असं त्याला कधी वाटलं नाही. धंदा असाच शिकायचा असतो, असं त्याला वाटायचं.

पुढे लग्न झालं, आणि बायकोच्या मागोमाग तिचा धाकटा भाऊही त्याच्या घरी येऊजाऊ लागला. हा मेहुणा पेट्रोलच्या गाड्यांचा मेकॅनिक. अंगाने काडी, बोलायला सुरी. कार्बोरेटर खोलला की त्यातले बारीक जेट ओठांत धरून तो फुंकर मारायचा, उजेडासमोर धरून भोक बघायचा आणि पुन्हा फुंकायचा. हवेचं मशीन जवळ असलं तरी त्याचा विश्वास स्वतःच्या फुंकरीवर. म्हणून गावभर त्याचं नाव फुंक्या पडलं. ते त्याला आवडायचंही.

दोघांनी मिळून गॅरेज काढावं ही कल्पना मिस्त्रीच्या बायकोची. "एकाला बोलता येत नाही, दुसऱ्याला गप्प बसता येत नाही," ती म्हणाली. "दोघं मिळून एक धड माणूस होईल." मोठ्या रस्त्याला लागून एक लांबट शेड मिळाली. डावीकडे खड्डा खणून तिथे ट्रक आणि टेंपो, उजवीकडे स्कूटरी आणि मोटारसायकली. मधोमध एक टेबल, त्यावर दोघांचा मिळून एक पंखा. पहिल्याच दिवशी मिस्त्रीने वाटणी सांगून टाकली. "डिझेल माझं, पेट्रोल तुझं."

गॅरेज चाललं. फुंक्याच्या बाजूला तर नेहमी घोळका. गाडी झाली तरी लोक निघायचे नाहीत, कारण फुंक्या हाताबरोबर तोंडही चालवायचा.

"हे बघा काका, तुमची ही टू-स्ट्रोक. म्हणजे घाईचा माणूस. एका फेरीत जेवून, हात धुवून मोकळा. पण याला तेल वेगळं मिळत नाही, पेट्रोलमध्येच कालवून द्यावं लागतं. तुम्ही विसरलात, म्हणून पिस्टन चिकटला. आणि ती पलीकडची फोर-स्ट्रोक, ती शिस्तीची. आधी घास आत घेणार, मग दाबणार, मग जाळणार, मग धूर बाहेर टाकणार, आणि मगच पुढचा घास. तिचं तेल खाली वेगळं असतं. तेवढं वेळेवर बदला, पुढची दहा वर्षं माझं तोंड बघायला नको."

"आणि डिझेल?" कुणीतरी विचारायचं.

"ते आमच्या दाजींना विचारा," फुंक्या म्हणायचा, आणि सगळे हसायचे. कारण दाजींना विचारणं आणि भिंतीला विचारणं एकच.

मिस्त्री खड्ड्यात उभा राहून हे ऐकायचा. त्याला हसू येत नसे. डिझेलमधलं जे त्याला ठाऊक होतं ते या गप्पांपेक्षा किती खोल होतं! डिझेलला प्लग नसतो, ठिणगी नसते. नुसती हवा दाबून दाबून एवढी तापवायची की आत डिझेलचा फवारा गेला रे गेला की आपोआप पेटतं. नोझलचा फवारा धुक्यासारखा बारीक पडला पाहिजे. धार पडली तर धूर. लाइनमध्ये हवेचा एक बुडबुडा शिरला तर हत्तीएवढा ट्रक जागेवरून हलत नाही. हे सगळं त्याला पाठ होतं, पण ते सांगितलं की घोळका आपल्याकडे येईल, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. त्याच्या डोक्यात आलं ते एवढंच की हा पोरगा बोलून मोठा होतोय.

घरीही तेच. जेवताना बायको म्हणायची, "आज भाजीवाली मला सांगत होती, ताई, तुमच्या भावाने गाडी अशी केलीय की आवाजच येत नाही." ती सहज बोलायची. माहेरचं कौतुक कुठल्या बाईला नसतं? मिस्त्री मान खाली घालून जेवायचा. ट्रक दुरुस्त झाला म्हणून कुठली भाजीवाली त्याचं नाव घेणार?

अशी वर्षं गेली. फुंक्याचं लग्न झालं, एक मुलगी झाली. आणि मग हळूहळू उजव्या बाजूचा घोळका विरळ व्हायला लागला. नव्या गाड्यांना कार्बोरेटरच नव्हता. त्यांच्यात पेट्रोल किती सोडायचं ते एक बंद डबी ठरवायची, आणि त्या डबीला फुंकर मारून उपयोग नव्हता. टू-स्ट्रोक तर रस्त्यावरून दिसेनाशाच झाल्या.

एका दुपारी फुंक्या खड्ड्याच्या काठावर येऊन बसला. "दाजी, कार्बोरेटर चालले."

"हूं."

"मला डिझेल शिकवा ना. नाहीतरी मी रिकामाच असतो. तुमचाही भार हलका होईल."

मिस्त्री इंजिनातल्या झडपांच्या टॅपेटची फट बघत होता. हातातली पट्टी फटीत सरकवत तो म्हणाला, "डिझेल माझं, पेट्रोल तुझं. बरं चाललंय की."

त्याने ते हसून म्हटलं, म्हणून फुंक्याही हसला. पण तो उठला नाही. बराच वेळ तिथेच बसून मिस्त्रीच्या हाताकडे बघत राहिला. मिस्त्रीला ते जाणवलं आणि त्याने जागा बदलली. फुंक्याला त्याची पाठ दिसेल अशा बेताने तो उभा राहिला.

त्यानंतर फुंक्याने पुन्हा दोनतीनदा विचारून बघितलं. कधी थट्टेत, कधी गंभीरपणे. मिस्त्री प्रत्येक वेळी काहीतरी काम काढायचा. एकदा तर त्याने चक्क त्याला चहा सांगायला पाठवलं. फुंक्या चहा सांगून आला तेव्हा पंप जागेवर बसला होता. आपण काय केलं हे मिस्त्रीला त्या क्षणी कळलंच नाही, असं नाही. कळलं, आणि थोडं बरंही वाटलं.

मग तो खडीचा ट्रक आला.

पुढे नाक असलेला जुना ट्रक. ड्रायव्हर म्हणाला, "निळा धूर सोडतोय आणि तेल पितोय." मिस्त्रीने सकाळीच बॉनेट उघडलं, उभं राहायला समोर दोन पिंपांवर एक फळी टाकली आणि एअर फिल्टर काढून इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोच्या तोंडात बोट फिरवलं. बोट काळ्या तेलाने निथळत बाहेर आलं. टर्बोचा दांडा हलवून बघितला तर खिळखिळा. म्हणजे टर्बोचं सील गेलेलं, आणि इंजिनाचं तेल हवेच्या वाटेने आत चाललेलं. असं इंजिन चालू करणं म्हणजे उशाशी साप घेऊन झोपणं. मिस्त्रीने हात पुसले. सामान आणायला बाजारात जावं लागणार होतं.

जाताना त्याने फुंक्याला हाक मारली. "त्या ट्रकला हात लावू नकोस."

फुंक्या एका सायकलवाल्याशी बोलत होता. त्याने मान वळवली. "का?"

"लावू नकोस म्हटलं ना."

बस. हात पुसायला लागला त्याहून कमी वेळात त्याला ते सांगता आलं असतं. सायकलवाला ऐकत होता, हे एक कारण. आज एक सांगितलं तर उद्या दहा विचारेल, हे दुसरं. आणि खरं कारण कुठलं, हे मिस्त्रीने पुढे आयुष्यभर शोधलं.

मागाहून जे झालं ते त्याला ड्रायव्हरने सांगितलं. शेडच्या आतल्या बाजूला, ट्रकच्या पुढे एक टेंपो अडकला होता आणि टेंपोवाला हॉर्न वाजवून डोकं उठवत होता. ड्रायव्हर फुंक्याला म्हणाला, "चार हात मागे घेऊ का?" फुंक्या आधी नाही म्हणाला. मग म्हणाला, "घे. चार हातांनी काय होतंय?" ड्रायव्हरने चावी फिरवली. इंजिन लागलं, जरा धडधडलं, आणि मग पाय न लावताच त्याचा आवाज चढायला लागला. चढत चढत किंकाळीवर गेला. धुराने शेड पांढरी झाली. ड्रायव्हरने चावी बंद केली, बंद करायची दोरी ओढली. काही नाही. घाबरून त्याने गाडीतून उडी टाकली आणि रस्त्यावर पळाला.

फुंक्या पळाला नाही. पेट्रोलच्या माणसाला एवढंच ठाऊक की गाडीचं खाणं तोडलं की ती मरते. तो पाना घेऊन फळीवर चढला आणि त्याने डिझेलचा पाइप सोडवला. डिझेल खाली गळून गेलं, तरी इंजिन ओरडतच होतं. मग तो आत वाकून एकेका नोझलचा पाइप सोडवायला लागला. तिसऱ्या पाइपावर असताना इंजिनाचा रॉड तुटला आणि ब्लॉक फोडून बाहेर आला.

मिस्त्री सामान घेऊन परत आला तेव्हा रस्त्यावर माणसं जमली होती आणि फुंक्याला दवाखान्यात नेलं होतं.

उजवा हात सापडला होता. डॉक्टरांनी पंजा वाचवला, पण अंगठ्याशेजारची दोन बोटं गेली आणि उरलेली वळेनाशी झाली.

मिस्त्री रोज दवाखान्यात जायचा आणि दाराशी उभा राहायचा. बायको आत भावाजवळ बसलेली असायची. एके दिवशी ती औषधं आणायला गेली होती, तेव्हा फुंक्यानेच बोलावलं. "दाजी, आत या की. तुमच्याशी बोलायचंय."

मिस्त्री स्टुलावर टेकला. आता हा शिव्या देणार, असं त्याला वाटलं. देऊ दे, त्याशिवाय सुटका नाही, असंही वाटलं.

पण फुंक्याच्या डोळ्यांत निराळंच काहीतरी होतं. "मला एक सांगा. पाइप मी काढला होता. डिझेल खाली गळत होतं, मी डोळ्यांनी बघितलं. मग ते चालत कशावर होतं?"

"तेलावर," मिस्त्री म्हणाला. "स्वतःच्याच तेलावर."

"इंजिन ऑइलवर?"

"टर्बोचं सील गेलं होतं. तेल हवेबरोबर आत जात होतं. डिझेलला ठिणगी लागत नाही. आत दाब आहे, उष्णता आहे, मग तेलाची वाफ मिळाली तरी पेटतं. जेवढं जोरात पळतं तेवढं तेल जास्त ओढतं, आणि जेवढं ओढतं तेवढं पळतं."

"म्हणजे चावीचा काही संबंध नाही."

"नाही."

फुंक्या छताकडे बघत राहिला. त्याचे ओठ हलत होते, मनातल्या मनात तो जुळणी करत होता. मिस्त्रीने इतकी वर्षं ज्याला टाळलं, ते शिकवणं आता तिथे, औषधांच्या वासात, चाललं होतं.

"मग बंद कसं करायचं?"

"हवा तोडायची. टर्बोच्या तोंडावर काहीतरी सपाट, जाड दाबून धरायचं. हात नाही, फडकं नाही, ते ओढलं जातं. एखादी फळी वगैरे."

"फळी," फुंक्या म्हणाला. आणि मग तो हळूच हसला. "फळी होती की दाजी तिथे. मी तिच्यावरच उभा होतो."

मिस्त्रीला पुढे काही ऐकू आलं नाही. बायको औषधं घेऊन आली, तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून उभा होता.

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना बायकोने विचारलं. "अहो, तुम्हाला ठाऊक होतं ना, ते इंजिन तसं पळेल म्हणून?"

"हो."

"आणि त्याला नव्हतं ठाऊक."

"नाही."

तिने पुढचा प्रश्न विचारला नाही. तिला उत्तर माहीत होतं. बाईला घरातल्या माणसाचा खोटेपणा जेवणाच्या ताटावरून कळतो, आणि ती तर वर्षानुवर्षं त्याला भावाच्या कौतुकावर मान खाली घालताना बघत आली होती. ती भांडली नाही, रुसली नाही. डबा वेळेवर द्यायची, कपडे धुवायची. फक्त शेजारी काय झालं, बाजारात कोण भेटलं, स्वप्नात काय आलं, हे सगळं त्याला सांगायचं ती थांबली. घर सुरू होतं, पण त्यात बोलणं उरलं नव्हतं.

हात भरून आल्यावर फुंक्या गॅरेजात परत आला. मिस्त्रीने त्याच्यासाठी पाठ टेकायची खुर्ची आणली होती. आता मिस्त्रीने जणू तोंडाचा बांधच फोडला. पंप खोलला की हाक, "इकडे बघ." नोझल काढलं की, "हे असं तपासायचं, फवारा कागदावर बघायचा." हेड उतरवलं की नट कुठल्या क्रमाने सोडायचे, कुठल्या क्रमाने आवळायचे, मधून बाहेर, गोल, थोडे थोडे, नाहीतर हेड वाकतं. पाणी का उकळतं, तेलात दुधासारखा रंग का येतो, रिंगा झिजल्या की कुठून धूर येतो. उस्तादाकडून चोरलेलं, स्वतः चुकून कमावलेलं, हातचं काही न राखता तो ओतत सुटला.

फुंक्या खुर्चीत बसून ऐकायचा. "बरं," म्हणायचा. "अस्सं," म्हणायचा. त्याला सगळं समजत होतं. एकदा सांगितलेलं पुन्हा सांगावं लागत नव्हतं. किती पटकन शिकला असता हा, असं मिस्त्रीच्या मनात यायचं आणि तो आणखी जोरात बोलायला लागायचा.

एकदा एक जुनी मोटारसायकल आली, कार्बोरेटरची. फुंक्याचा चेहरा उजळला. त्याने डाव्या हाताने जेट काढायचा प्रयत्न केला. जेट खाली पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला आणि घरंगळत खड्ड्यात गेला. मिस्त्रीने तो शोधून आणला, दोन बोटांत धरून फुंक्याच्या तोंडासमोर नेला. "फुंक," तो म्हणाला.

फुंक्याने फुंकर मारली. मग तोंड फिरवलं.

संध्याकाळी शटर ओढताना तो म्हणाला, "दाजी, आता शिकवणं पुरे करा."

"का रे? अजून पुष्कळ आहे."

"पुष्कळ आहे, तेच सांगतोय. तुम्ही सांगायला लागलात की मला हात दुखतो."

पुढच्याच महिन्यात तो बायको-मुलीला घेऊन सासुरवाडीच्या गावी गेला. तिथे सासऱ्यांच्या ओळखीने एका सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर काम मिळालं. जाताना बहिणीला म्हणाला, "ताई, रागावून चाललो नाही गं. पण तिथे बसून मला रोज ती जागा बघावी लागते." ताईने त्याच्या मुलीला कडेवर घेतलं आणि बस सुटेपर्यंत खाली ठेवलं नाही.

मिस्त्रीचं तोंड मात्र पुन्हा मिटलं नाही. ज्याला त्याला तो शिकवायला लागला. तेल बदलायला आलेल्या ड्रायव्हरला तो इंजिनाची सगळी कुंडली सांगायचा. "चालू गाडी चावीला ऐकत नसेल तर वरचा गिअर टाक, ब्रेक दाब आणि क्लच सोडून दे, घुसमटून मरेल. नाहीच जमलं तर पळ. इंजिन दुसरं येतं." ड्रायव्हर हात जोडायचे. "मिस्त्री, नुसतं तेल बदला हो, भाषण नको." गॅरेजची उजवी बाजू त्याने कुणाला दिली नाही. तिथे जुने टायर साठत गेले.

ताई वर्षातून एकदा भावाकडे जायची, एकटी. मिस्त्रीने कधी येतो म्हटलं नाही, तिनेही कधी चला म्हटलं नाही. पण केस पांढरे झाल्यावर, एका वर्षी, ती पिशवी भरत असताना तो म्हणाला, "मी येऊ का या वेळी?" तिने त्याच्याकडे बघितलं आणि त्याचे दोन सदरे पिशवीत ठेवले.

फुंक्याचं दुकान चांगलं मोठं होतं. मालक त्याच्यावरच सगळं सोडून निवांत. लांबून झिजलेली रिंग बघूनही ती कुठल्या गाडीची हे तो सांगायचा, आणि गिऱ्हाइकाशी बोलणं तसंच सुरीसारखं. उजवा हात खिशात ठेवायची त्याला सवय लागली होती. मिस्त्रीला बघून तो काउंटरच्या बाहेर आला, वाकला, "दाजी, किती वाळलात!" म्हणाला. मुलगी आता बँकेत होती. घरी त्याच्या बायकोने भरपूर वाढलं. कुणाच्या वागण्यात काही कमी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात गर्दी नव्हती. मिस्त्री काउंटरजवळच्या बाकावर बसला होता. त्याने बरेच दिवस जुळवून आणलेलं वाक्य सुरू केलं. "त्या दिवशी तू मला 'का' म्हणून विचारलंस..."

फुंक्याने हातातलं खोकं खाली ठेवलं. "दाजी, मी काही कुक्कुलं बाळ नव्हतो. तुम्ही नको म्हटलं होतं. मी लावला हात."

"पण का नको, ते मी सांगितलं नाही."

मिस्त्री थांबला. असू द्या हो, झालं गेलं, असं काहीतरी येईल म्हणून तो वाट बघत होता. फुंक्या त्याच्याकडे बघत होता, रागाने नव्हे, मायेनेही नव्हे. हिशेब चुकता झालेला नाही हे ठाऊक असलेल्या माणसासारखा.

"नाही सांगितलं," तो म्हणाला.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक पंपाचं वॉशर मागायला आलं आणि फुंक्या फळीवरचे डबे बघायला वळला.

ताईने तिथेच महिनाभर राहायचं ठरवलं. मिस्त्री एकटा परत निघाला. बसमध्ये शेजारच्या माणसाने विचारलं, "काय काम करता?" एरवी मिस्त्रीने त्याला इंजिनापासून धुरांड्यापर्यंत सगळं सांगितलं असतं. आता तो म्हणाला, "गॅरेज होतं," आणि खिडकीबाहेर बघत बसला. घरी पोचून त्याने कुलूप उघडलं, कोंदट वास जावा म्हणून खिडक्या उघडल्या आणि पातेल्यात भात टाकला. मीठ दोनदा पडलं. तो भात त्याने तसाच खाल्ला, ताट घासून पालथं घातलं आणि काही सुचेना म्हणून दाराच्या पायरीवर जाऊन बसला.